मदत हवी आहे: खदान समोर दिसते, तरी गाव खनिज निधीच्या यादीत नाही

वर्धाकाठ: गावातले बोअर आटले, जे चालू आहेत त्यांना गढूळ पाणी. ग्रामसभेने खनिज निधीतून (खाणवाले खाणबाधित गावांसाठी भरतात तो पैसा) पाणीयोजनेचा ठराव केला. 'गाव बाधित यादीत नाही' म्हणून परत आला. आता काय करायचं? लवकर सांगा, उन्हाळा तोंडावर आहे.

काळीमाती: जिल्हा कोणता? खदान कशाची, किती लांब? ठराव कुठे दिला?

भूमिपुत्र: घरांना तडे गेले असतील तर फोटो काढा, ब्लास्टिंगच्या वेळा लिहून ठेवा आणि खाण सुरक्षा महानिदेशालयाकडे तक्रार करा.

वर्धाकाठ: दादा, तड्यांचं नाही, पाण्याचं विचारतोय. कोळशाची ओपनकास्ट, म्हणजे उघडी खदान, तीनेक किलोमीटर. ठराव आमच्याच कलेक्टर ऑफिसला दिला.

मांडवीतीर: यादीत येऊनही पैसा रस्त्यांतच जातो. आमच्या गोव्यात सुप्रीम कोर्टाने 2014 साली खनिज विक्रीचे 10 टक्के कायम निधीत टाकायला सांगितले, पुढच्या पिढ्यांसाठी. महाराष्ट्रानेही तेच मागावं.

काळीमाती: आज प्यायला पाणी नाही तिथे पुढच्या पिढीचं काय सांगता? आणि सगळा पैसा रस्त्यांवर घालता येत नाही. 2024 च्या केंद्राच्या सूचनांप्रमाणे किमान 70 टक्के पाणी, आरोग्य, शिक्षण अशा कामांवरच लावायचा आहे.

सातबारा: खनिज काढल्याबद्दल खाणवाले राज्याला रॉयल्टी देतात, त्यातूनच देतात ना हा निधी? मग राज्याचं नुकसान.

काळीमाती: नाही. रॉयल्टीच्या वर वेगळे भरतात. 12 जानेवारी 2015 आधीचा खाणपट्टा असेल तर रॉयल्टीच्या 30 टक्के, लिलावातल्या खाणीला 10. वर्धाकाठ, जिल्हा अजून सांगितला नाही तुम्ही.

वर्धाकाठ: यवतमाळ, वणी तालुका. खदान नदीपलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यात.

काळीमाती: मग खरी अडचण हीच! त्या खाणीचा पैसा चंद्रपूरच्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानात, म्हणजे हा निधी सांभाळणाऱ्या जिल्ह्याच्या संस्थेत, जमा होतो. पण खाणीपासून 15 किलोमीटरच्या आतलं गाव थेट बाधित धरायचं, ते शेजारच्या जिल्ह्यात असलं तरी, हे त्याच सूचनांत आहे. दोन्ही कलेक्टरांना अर्ज करा, खाणीपासूनचं अंतर दाखवणारा नकाशा जोडा, नाव वगळल्याचं कारण लेखी मागा. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात बाधित गावांची यादी आणि ती मंजूर केलेल्या बैठकीचं इतिवृत्त मागवा.

भूमिपुत्र: त्यापेक्षा आमदारांना भेटा, एका फोनवर काम होतं.

काळीमाती: फोनवर यादी बदलत नाही. भेटा, पण अर्जाची पोच घेतल्यावर.

वर्धाकाठ: चंद्रपूरला अर्ज करायचं कोणी सांगितलंच नव्हतं. सोमवारी सरपंचांना घेऊन जातो. ग्रामसभेचा ठराव जुनाच चालेल की नवा करू?

सातबारा: आमच्याकडे गिट्टीच्या खदानी आहेत, त्यांनाही हे लागू आहे का?