कूलरमुळे कॅलाथियाची पाने करपतात काय?

प्रश्न
मी नागपुरात मानेवाडा भागात राहते. बैठकीच्या उत्तरेकडील खिडकीशी कॅलाथिया, पीस लिली आणि मनी प्लांट यांच्या कुंड्या आहेत. पावसाळ्यात झाडे टवटवीत असतात. मात्र एप्रिलमध्ये कूलर सुरू झाला की कॅलाथियाच्या पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत होतात, पीस लिलीची टोके जळतात, आणि मनी प्लांटला मात्र काहीच होत नाही. पाणी कमी पडत असेल असे वाटत नाही, कारण दर रविवारी कूलरची टाकी धुताना निघणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून मी या कुंड्यांनाच घालते. कुंड्या दुसऱ्या खोलीत हलवाव्यात काय?

पहिले उत्तर
कॅलाथिया ही अमेरिका खंडातील उष्ण, दमट जंगलांत मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढणारी वनस्पती आहे. आपल्याकडे नवतप्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हवा अगदी कोरडी होते, तेव्हा पाने करपणारच. कुंडी कूलरच्या झोतातून बाजूला घ्यावी.

दुसरे उत्तर
झोताबाबत सहमत आहे, परंतु खोली बदलू नये. कूलरची हवा ओल्या ताट्यांतून येत असल्यामुळे दमट असते, आणि आपल्या उन्हाळ्यात या झाडांना तीच हवी असते. (आमच्या आजोबांच्या घरी वाळ्याच्या ताट्या होत्या; त्यांच्यालगतची तुळससुद्धा मे महिन्यात हिरवी राही.) माझा संशय टाकीतल्या पाण्यावर आहे. ताट्यांवरून उडून जाते ते केवळ पाणी. त्यातले क्षार टाकीतच राहतात, वरून रोज नवे पाणी भरले जाते, आणि आठवडाभरात ते पाणी मूळच्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक क्षारयुक्त होते. मुळांवाटे आलेले हे क्षार पानांच्या टोकांशी व कडांशी साचतात, म्हणून तिथूनच पान जळू लागते. मनी प्लांट हे सहन करतो, कॅलाथिया करत नाही. मातीवर पांढरा थर आहे काय, ते पाहावे.

प्रश्नकर्ती
थर आहे, कुंडीखालच्या बशीतही आहे. पाणी बोअरचे आहे.

दुसरे उत्तर देणारे
मग कुंडीच्या दुप्पट मापाचे साधे नळाचे पाणी सावकाश ओतून खालून पूर्ण वाहू द्यावे आणि बशी लगेच रिकामी करावी. पुढे एसीतून ठिबकणारे किंवा पावसाचे साठवलेले पाणी वापरावे. आरओ यंत्राचे टाकाऊ पाणी मात्र वापरू नये, कारण त्यातही क्षार वाढलेलेच असतात. करपलेली कड पुन्हा हिरवी होत नाही, तेव्हा नव्या पानाकडे लक्ष ठेवावे.