पहाटेची लोकल, दिवसभर खुर्ची आणि मूळव्याध: रोजच्या सवयींत नेमके काय बदलावे?

बदलापूरची प्रवासी:
नमस्कार. माझे वय 42 असून मी मुंबईत बँकेत रोखपाल म्हणून काम करते. शौचाच्या वेळी लाल रक्त दिसू लागले, म्हणून शल्यचिकित्सकांना दाखवले. आतली मूळव्याध दुसऱ्या टप्प्यात आहे, म्हणजे कुंथताना कोंब बाहेर येतो पण आपोआप आत जातो, असे त्यांनी तपासून सांगितले. तूर्त शस्त्रक्रियेची गरज नाही. चोथायुक्त आहार घ्या, पाणी वाढवा आणि कुंथू नका, असा त्यांचा सल्ला आहे. माझी अडचण अशी की, पहाटे उठून डबा करून लोकल गाठेपर्यंत शौचाला होत नाही आणि नेमके गाडीत लागते, तेव्हा ते दाबून धरावे लागते. काउंटर सोडून वारंवार उठता येत नाही, त्यामुळे पाणीही कमीच पिते. अशा दिनक्रमात टिकतील अशा सवयी कोणत्या?

डोंबिवलीकर:
ताई, आपल्या प्रश्नाचे मूळ मला त्या दाबून ठेवलेल्या वेळेत दिसते. मल जितका जास्त वेळ आत राहील, तितके आतडे त्यातले पाणी शोषून घेते. तो कडक होतो, मग कुंथावे लागते आणि तेथल्या फुगलेल्या रक्तवाहिन्यांवर ताण येतो. पोटात अन्न गेले की मोठे आतडे हालचाल करू लागते आणि सकाळी ही क्रिया विशेष जोरकस असते. आपल्याला गाडीत लागते त्याचे कारण बहुधा हेच असावे, कारण घाईघाईने घेतलेला चहा-नाश्ता तोवर आपले काम करू लागलेला असतो. मीही मध्य रेल्वेचाच प्रवासी आहे. भाजी रात्री चिरून ठेवायची आणि उठल्याबरोबर कोमट पाणी पिऊन थोडे खाऊन घ्यायचे, एवढा क्रम बदलल्यावर मला घरातच शौचाला होऊ लागले. कमोड असेल तर पायांखाली वीतभर उंचीचा पाट घ्यावा, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात आणि मार्ग सरळ होतो. मोबाइल बाहेर ठेवावा. पाच-सात मिनिटांत झाले नाही तर उठावे, बसून राहू नये.

आहारतज्ज्ञ, नाशिक:
मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 25 ते 30 ग्रॅम चोथा लागतो. 100 ग्रॅम ज्वारीत तो सुमारे 10 ग्रॅम असतो, तर पांढऱ्या तांदळात 3 ग्रॅमही भरत नाही. तेव्हा रात्री भाताऐवजी भाकरी घेतली तरी बराच फरक पडतो. कणीक चाळून कोंडा टाकून देण्याची पद्धत अनेक घरांत आहे, ती कृपया सोडावी. डब्यात पोळीबरोबर गवार, मेथी किंवा मटकीची उसळ असावी आणि काउंटरवरून उठण्याच्या सुटीत बिस्किटांऐवजी सालासकट पेरू खावा. सुरणाला संस्कृतात ‘अर्शोघ्न’, म्हणजे मूळव्याध नाहीशी करणारा, असेच नाव आहे. तो जरूर खावा, पण एका भाजीवर भिस्त ठेवू नये. तिखटाने मूळव्याध होते असे म्हणता येत नाही. मात्र ज्यांना त्याने आग होते त्यांनी ते कमी करावे.

हा बदल दोन-तीन आठवड्यांत हळूहळू करावा, नाहीतर पोटात वात धरतो. पाणी मात्र पहिल्या दिवसापासून वाढवावे, कारण पाण्याविना चोथा वाढवला तर बद्धकोष्ठता उलट वाढू शकते. रात्री चमचाभर इसबगोल भरपूर पाण्यात कालवून लगेच प्यावे आणि त्यावर आणखी थोडे पाणी घ्यावे.

बदलापूरची प्रवासी:
मनःपूर्वक आभार. हिमोग्लोबिन कमी आल्यामुळे मला लोहाच्या गोळ्याही सुरू झाल्या आहेत. त्याने फरक पडतो का? आणि पोट साफ करणारे चूर्ण रोज घ्यावे का?

परिचारिका, कोल्हापूर:
लोहाच्या गोळ्यांनी अनेकांना बद्धकोष्ठता होते आणि शौचाचा रंगही काळपट होतो. त्या स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगून प्रकार किंवा मात्रा बदलून घ्या. इसबगोल आणि या गोळ्या यांच्यात किमान दोन तासांचे अंतर ठेवा. बाजारातील बऱ्याच चूर्णांमध्ये सोनामुखी असते. ती आतड्याला चालना देऊन जुलाब घडवते, म्हणून सल्ल्याशिवाय रोज घेऊ नये. ठणका किंवा खाज असल्यास टबात कोमट पाणी घेऊन त्यात 10 ते 15 मिनिटे बसावे. नंतर जागा न घासता टिपून कोरडी करावी. स्टिरॉइड असलेले मलम आठवड्याहून अधिक काळ परस्पर लावू नये.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगते. हिमोग्लोबिन कमी होण्याचे कारण मूळव्याधच आहे, असे गृहीत धरून थांबू नका. पाळीतील रक्तस्राव, आहार आणि आतड्याचे इतर आजार यांचाही विचार व्हायला हवा. मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करावी का, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना स्पष्ट विचारा. वजन घटणे, शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल किंवा घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणे, यांपैकी काही असेल तर भेटीची तारीख अलीकडे घ्या. चक्कर येऊन खूप रक्त जाऊ लागले, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.