काखेतलं पुरळ: आधी जागा बघा, मग ट्यूब उघडा

ऑक्टोबर हीट सुरू झाली की काखेतल्या खाजेचे प्रश्न वाढतात आणि उत्तर बहुतेक वेळा ‘अमुक ट्यूब लाव’ एवढंच मिळतं. ज्यांच्या कामात ही तक्रार वारंवार समोर येते, त्यांनी नेमकं लिहावं: काय बघायचं, किती लावायचं, कुठे चुकतं. आपबीती नको, कामातला अनुभव हवा.

त्वचारोग ओपीडीतून

हात डोक्यावर घेऊन आरशासमोर उभं राहा आणि लाली नेमकी कुठे आहे ते बघा. काखेचा खोलगट मध्यभाग लाल असून कडेची त्वचा स्वच्छ असेल, तर पहिला संशय डिओवर, विशेषतः त्यातल्या सुगंधावर. उलट मध्यभाग मोकळा आणि सभोवती, शिवण घासते त्या रेषेत पुरळ असेल, तर कपडा किंवा त्याचा रंग. हा फरक फोटोतही कळतो, तरी तो कुणी बघत नाही.

गोल चट्टा, कडा उंचावलेली, कडेवर बारीक कोंडा आणि मधली त्वचा निवळलेली, हे गजकर्ण. ओलसर, मांसासारखी लाल त्वचा आणि मुख्य चट्ट्याबाहेर विखुरलेले बारीक पुळीसारखे ठिपके, ही कॅन्डिडा नावाची बुरशी. तपकिरी, सपाट, फारसा न खाजणारा डाग असेल तर एरिथ्राझ्मा, म्हणजे जिवाणूंचा संसर्ग. वूड्स लॅम्प म्हणजे त्वचा तपासायचा अतिनील दिवा, त्याखाली तो पोवळ्यासारखा लाल चमकतो. मात्र त्या दिवशी सकाळी काख घासून धुतली असेल तर चमक दिसत नाही, कारण जिवाणूंनी तयार केलेलं रंगद्रव्य पाण्यासोबत निघून जातं. तपासणीला जाताना अंघोळ टाळा म्हटलं की लोक संकोचतात, पण कारण हे आहे. याला बहुधा क्लिंडामायसिनसारखं जिवाणूंवरचं मलम देतात. नुसत्या स्टेरॉइडने तो हलत नाही.

लाल, गुळगुळीत, चमकणारा, कोंडा नसलेला चट्टा महिनोन्‌महिने तसाच असेल तर सोरायसिसही असू शकतो. घडीच्या जागी त्याला खवले येत नाहीत, म्हणून तो बुरशी समजून फसवतो.

औषधाच्या काउंटरवरून

ट्यूबचं नाव नव्हे, पाठीवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा बेक्लोमेथासोन हे स्टेरॉइड आणि सोबत एखादं बुरशीनाशक, एखादं अँटिबायोटिक, असं मिश्रण ‘खाज, खरूज, नायटा’ सगळ्यांवर एकच म्हणून मागितलं जातं. दोन-तीन दिवसांत खाज थांबते म्हणून लोक खूश होतात. खाली बुरशी पसरतच असते, फक्त तिची ओळखीची कडा पुसली जाते. ट्यूब थांबवली की चट्टा आधीपेक्षा रुंद होऊन परततो आणि मग डॉक्टरलाही ओळखायला जड जातो.

काखेतून औषध हाताच्या पुढच्या भागापेक्षा साधारण साडेतीन पट जास्त शोषलं जातं. शिवाय त्वचेचे दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबलेले, म्हणजे जणू पट्टीच बांधलेली. जोरदार स्टेरॉइड आठवड्यांमागून आठवडे चाललं की त्वचा पातळ होते आणि ताणरेषा पडतात. त्या पुसट होतात, पण पुरत्या जात नाहीत. डिओच्या लालीवर डॉक्टर सौम्य हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का पाच-सात दिवस देतात, तेवढं पुरतं.

प्रमाण: तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, ती बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. दोन्ही काखांना मिळून एवढंच. पांढरा थर दिसेल इतकं लावणं म्हणजे ओल वाढवणं.

पुन्हा ओपीडीतून, वरच्याला जोडून

गजकर्णाला क्लोट्रिमाझोल १ टक्का हे बुरशीनाशक मलम दिवसातून दोनदा, कडेच्या बाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावा. चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे चालू ठेवा. लोक खाज थांबल्याच्या दिवशी सोडतात, तीच मोठी चूक. हल्ली भारतात टर्बिनाफिन या बुरशीनाशकाला दाद न देणारी बुरशी बरीच आढळते, म्हणून नातेवाइकाच्या उरलेल्या गोळ्या नकोत. कडेचा कोंडा खरवडून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची तपासणी सोपी आहे, पण आधीच मलम लावून आलात तर बुरशी सापडेलच असं नाही.

कॅन्डिडा पुन्हापुन्हा होत असेल तर साखर तपासा. मानेवर आणि काखेत मखमलीसारखी जाड काळी त्वचा असेल तर तो मळ नाही. इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते, घासून फक्त जखम होते.

शिंपीकामातून

ब्लाउजच्या तक्रारी निम्म्या मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडतात त्या काखेकडच्या कापाच्या असतात. मुंढा घट्ट, शिवणीला दोन-तीन थर आणि वर पॉलिएस्टरचं अस्तर, म्हणजे घाम जिरायला जागाच नाही. मुंढा खोल कापून भागत नाही, खोल कापला की हात वर करताना पूर्ण ब्लाउज ओढला जातो. काखेत छोटा चौकोनी जोड घाला किंवा शिवण बाहेरच्या बाजूला घ्या. अस्तर सुती असावं आणि शिवण्याआधी पाण्यातून काढलेलं. गडद निळ्या-काळ्या सिंथेटिक अस्तरातले काही रंग त्वचेला सोसत नाहीत. नवा कपडा एकदा धुतल्याशिवाय घालू नका.

पार्लरमधून

काखेतले केस दोन-तीन दिशांना वाढतात. एकाच पट्टीत ओढले की तुटतात आणि आत वळून पुळ्या येतात. केस पाच-सहा मिलिमीटर असावेत, त्वचा ताणून धरावी, छोट्या भागांत काढावेत. रेझरला अंघोळीनंतरची वेळ बरी, केस वाढतात त्या दिशेनेच फिरवावा. पुढचे २४ तास डिओ, तुरटी, लिंबू काही नको. खाण्याचा सोडा तर मुळीच नको, तो अल्कधर्मी असून त्वचेचं आम्ल आवरण उतरवतो. नवा डिओ आधी कोपराच्या आतल्या एकाच जागी दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून बघा.

पावडरीबद्दल मतभेद आहेत. कोरड्या काखेत चिमूटभर ठीक, पण ओल्या काखेत तिच्या गुठळ्या होतात आणि त्याच टोचतात. टॉवेलने टिपून पंख्याखाली दोन मिनिटं हात वर, हे पावडरीपेक्षा बरं.

शस्त्रक्रिया विभागातून

काखमांजरी दाबून फोडू नका. दिवसातून तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटं गरम पाण्याच्या फडक्याने शेका. ताप आला, लाली झपाट्याने पसरली किंवा हात वर होईना, तर त्याच दिवशी दाखवा. सहा महिन्यांत दोनदा किंवा अधिक, त्याच जागी गाठी येत असतील आणि खाली बोगद्यासारखे मार्ग, वर दोन तोंडांचे काळे ठिपके दिसत असतील, तर तो हायड्राडेनायटिस. अस्वच्छतेमुळे तो होत नाही, आणि दरवेळी नुसता चिरा देऊन तो जात नाही. त्यावर त्वचारोगतज्ज्ञाकडे सलग उपचार लागतात, धूम्रपान आणि वजन कमी केल्याने त्यात मदत होते. न दुखणारी, कडक, दोन-तीन आठवड्यांत न विरघळणारी गाठ मात्र पुरळाच्या खात्यात टाकू नका, स्तनाच्या तपासणीसह दाखवा.