षड्ज-पंचम ‘भाव’ म्हणजे कोणता भाव?

खंजेरीवाला: आमच्या भजनी मंडळात पेटीवाले काकाजी तालमीत घडीघडी टोकतात, “सा-पचा भाव पाहा, भाव सुटून राह्यला.” गानाऱ्याले वाटते भक्तिभाव कमी पडला, अन् तो डोये मिटून आनखी जोरात गाते. इकडे तसा भाव म्हटलं का कापसाचाच आठवते. मंग हा कोनता?

तंबोरा: ‘कार्यकारणभाव’, ‘गुरुशिष्यभाव’ यांतला, भाऊ. दोघांमधलं नातं. इथे ते नातं आकड्यांत सांगता येतं: षड्जाचे (सा) 2 कंप होतात तेवढ्यात पंचमाचे (प) 3. षड्ज-मध्यम (सा-म) भावात 3 ला 4. सा आणि शुद्ध गंधाराचं (ग) 4 ला 5.

एकतारीवर करून पाहा. तार 36 इंच धरा. संगीताच्या क्रमिक पुस्तकांत हाच आकडा घेतात, कारण त्याचे भाग सोपे पडतात. घोडीपासून (तार खाली जिच्यावर टेकते ती) मोजत 24 इंचांवर दाबली की पंचम, 27 वर मध्यम, बरोबर मधोमध 18 वर तार षड्ज, म्हणजे वरच्या सप्तकाचा सा. शुद्ध गंधार मात्र 28.8 वर, तिथे टेप उपयोगाची नाही, कानच लावावा लागतो. बोट हलकं ठेवा. जोरात दाबलं की तार ताणली जाऊन सूर चढतो आणि सगळं मोजमाप फुकट.

कापूसवाला: म्हंजे आमचाच भाव झाला न! इतक्या कापसाले इतके रुपये.

तंबोरा: झाला की. फक्त 3:2 हा दिवाळीनंतर पडत नाही.

जुनी पोथी: नाट्यशास्त्र लिहिणाऱ्या भरतमुनीचं नाव अजून कसं आलं नाही? नाट्यशास्त्रात 9 किंवा 13 श्रुतींचं (श्रुती म्हणजे सप्तकाच्या 22 बारीक पायऱ्यांतली एक) अंतर असलेले स्वर एकमेकांचे संवादी, म्हणजे जुळणारे, म्हटले आहेत. सा ते प 13, सा ते म 9. बेरीज 22, म्हणजे पूर्ण सप्तक. आता तंबोऱ्यांचे अपूर्णांक घ्या: 3/2 गुणिले 4/3 बरोबर 2, तेही पूर्ण सप्तक. श्रुतींची बेरीज होते तिथे गुणोत्तरांचा गुणाकार होतो. भरताने अपूर्णांक लिहिलेले नाहीत, ते वाचन नंतरच्यांचं. पण कानाने पकडलेलं नातं तेच. त्याच्या श्रुती सगळ्या सारख्या होत्या की नाही, या वादात मी शिरत नाही, रात्र संपेल.

खंजेरीवाला: मंग काकाजी स्वतः पेटी वाजवतात, तिच्यात तरी हा भाव आहे का?

तंबोरा: पंचमात जवळजवळ, गंधारात नाही. सा सेकंदाला 240 कंपांचा धरला तर शुद्ध गंधार 300 हवा. पेटीचा 302.4 येतो. गाणाऱ्याने 300 लावला आणि काकाजींनी ती पट्टी दाबून ठेवली, तर सेकंदाला दोन-अडीच हेलकावे ऐकू येतील. पंचम 360 ऐवजी 359.6, तो खपून जातो.

दोष पेटी बनवणाऱ्याचा नाही. एकावर एक 12 पंचम (दर वेळी 3/2 पट) चढत गेलं तर 7 सप्तकं वर षड्जावर पोचायला हवं. सप्तकांचा हिशेब 128 पट, पंचमांचा 129.75 पट. 3 ला 3 ने कितीही गुणा, 2 चा घात कधी होणार नाही. तेव्हा ती तफावत बाराही पंचमांत थोडी थोडी वाटून टाकली आहे. त्यात पंचमाला चिमटा बसतो, गंधाराला चांगलाच दणका.

खंजेरीवाला: रीड घासून गंधार उतरवता येईल न?

पेटीदुरुस्ती: येतो. रीडच्या (पेटीत हवेने थरथरणारी पितळी जीभ) टोकाला घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. पण पेटीची पहिली पांढरी पट्टी सा धरली, म्हणजे ‘पांढरी एक’, तर तिचा गंधार पांढरी तीन, अन् पांढरी सहावर गाणाऱ्याचा तोच पंचम. एकासाठी उतरवली की दुसऱ्याचा पंचम बेसूर. मंडळात सगळे एकच सा धरून गात असाल तरच घासा, नाही तर हात लावू नका. घासलेलं पितळ परत येत नाही.