हिशेब दोन्ही पक्षांचा

अमेरिकेत समलिंगी विवाहांवर आलेले निर्बंध हे एकट्या रिपब्लिकन पक्षाचे पाप आहे, असे काही जण संतापाने म्हणतात. संताप रास्त आहे, हिशेब मात्र अर्धवट आहे. विवाह म्हणजे फक्त स्त्री-पुरुषांचाच, असे केंद्रीय कायद्यांपुरते ठरवणारा १९९६चा ‘डिफेन्स ऑफ मॅरेज ॲक्ट’ सिनेटमध्ये ८५ विरुद्ध १४ मतांनी संमत झाला आणि त्यावर सही केली ती डेमोक्रॅट बिल क्लिंटन यांनी, तीही निवडणुकीच्या तोंडावर (योगायोग म्हणायचा, झाले!). कॅनडात रीतसर विवाह करूनही, २००९मध्ये पत्नीच्या निधनानंतर एडिथ विंडसर यांना याच कायद्यामुळे ३,६३,०५३ डॉलर वारसा-कर भरावा लागला. २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना न्याय दिला. संसदेला तो कायदा औपचारिकपणे रद्द करायला २०२२ उजाडले आणि तेव्हाही सिनेटमधील ३६ रिपब्लिकन सदस्यांनी विरोधातच मतदान केले.