वातावरण निवळेपर्यंत थांबायचं, तर स्वस्तात घ्यायचं कधी?

नौपाडाकर
काल सोसायटीच्या ग्रुपवर एकाने लिहिलं: ‘युद्धं, टॅरिफ, सरकारांची उलथापालथ. असल्या काळात व्हॅल्यू इन्व्हेस्टिंग, म्हणजे खऱ्या किमतीपेक्षा स्वस्त शेअर घेऊन थांबणं, चालत नाही. सगळं विकून एफडीत टाका, वातावरण निवळलं की परत या.’ खाली अंगठ्यांची रांग. शेजाऱ्यांशी वाद नको म्हणून तिथे गप्प बसलो, पण रात्रभर ते डोक्यात होतं.

वातावरण निवळलं हे कळतं कधी? 17 मे 2004 ला डाव्यांच्या पाठिंब्यावर सरकार येणार म्हणून बाजार इतका कोसळला की एका दिवसात दोनदा व्यवहार थांबवावे लागले. सेन्सेक्स 4,500 च्या आसपास बंद झाला. जानेवारी 2008 मध्ये तोच 21,000 वर होता. 4 जून 2024 ला निकालाच्या दिवशी जवळपास 4,400 अंक गेले आणि 7 जूनला सगळे भरूनही आले. निवळायची वाट बघणाऱ्याला तीन दिवसांत तोच माल महाग मिळाला.

23 मार्च 2020 ला सेन्सेक्स 3,934 अंकांनी पडला, तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर एका छोट्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडून बसलो होतो. पंपाचे सुटे भाग बनवतात. कर्ज शून्य, आणि बँकेतली रोकड कंपनीच्या बाजारमूल्याच्या एक तृतीयांश. बायकोने विचारलं, “बंद पडली तर?” मी रोकडीच्या ओळीवर बोट ठेवलं. घेताना हात कापत होता, खोटं सांगत नाही. पण व्हॅल्यू इन्व्हेस्टिंगचा गुरू बेंजामिन ग्रॅहॅम याने मार्जिन ऑफ सेफ्टी म्हटलं ते हेच: अंदाज चुकला तरी सांभाळून घेईल इतकं स्वस्त घेणं. भीती भावात आधीच उतरलेली असते.

वागळे इस्टेट
नौपाडाकर, पगार चालू असताना असं लिहिता येतं. आमची कंपनी बंद झाली तेव्हा व्हीआरएसचे (स्वेच्छानिवृत्तीचे) पैसे हातात आले. मीही स्वस्तच शोधलं. गृहकर्ज देणारी एक कंपनी, भाव बुक व्हॅल्यूच्या, म्हणजे देणी वजा जाता हिशेबात उरणाऱ्या मालमत्तेच्या, निम्म्याखाली. पडला तसा आणखी घेतला. एकदा नाही, तीनदा. 1,400 शेअर झाले. एके सकाळी डीमॅटच्या यादीतून ती ओळच गेली. भाव पडला असं नाही, शेअरच रद्द झाले. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे होते ते. ग्रुपवर ज्याने लिहिलं त्याने माझ्यासारख्यांसाठी लिहिलंय.

ऐरोली नाइट शिफ्ट
काका, वाईट झालं. पण तो शेअर स्वस्त नव्हता, नुसता पडलेला होता. कर्ज देणाऱ्या कंपनीची बुक व्हॅल्यू उभी असते ती तिने लोकांना वाटलेल्या कर्जांवर. ती परत आली नाहीत तर बुक कागदावरच राहते. ज्या कंपनीने दुसऱ्यांचे दहा रुपये उचलून स्वतःच्या एका रुपयावर धंदा केलाय, तिची दहा टक्के कर्जं बुडाली की भागधारकाचं सगळंच गेलं. हे बघायला हवं होतं.

वागळे इस्टेट
‘बघायला हवं होतं’ हे आज सांगतोस. तेव्हा ऑडिटरची सही होती. पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या आयएल अँड एफएसला 2018 मध्ये हप्ते चुकायच्या काही आठवडे आधीपर्यंत ट्रिपल ए, म्हणजे सगळ्यात वरचं पतमानांकन, होतं ना? ते मोठमोठ्या फंडांना दिसलं नाही, आणि लेथवर तीस वर्षं काढलेल्या माणसाला दिसायला हवं होतं?

ऐरोली नाइट शिफ्ट
ट्रिपल ए वर मी काही बोलू शकत नाही, तो मुद्दा तुमचा. पण तीनदा खाली घेताना एकदा तरी प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांनी, आपले किती शेअर कर्जासाठी गहाण ठेवलेत ते बघितलंत का?

वागळे इस्टेट
तुझ्या वडिलांशी असं बोलतोस का?

उलवेकर ताई
भांडू नका हो. मुळात शेअर हवेत कशाला? 2012 ला आम्ही नवी मुंबईतल्या उलव्यात वन बीएचके घेतला तेव्हा रस्त्यावर गुडघाभर चिखल होता. स्टेशन नाही, दवाखाना नाही. नातेवाईक हसले. आज खारकोपर स्टेशन आहे, 2024 मध्ये गाडी उरणपर्यंत गेली, अटल सेतू झाला, विमानतळ सुरू झाला. किती सरकारं आली नि गेली, फ्लॅट जागेवर आहे. रोज सकाळी त्याचा भाव बघून कुणाचं बीपी वाढत नाही.

नेरूळ सेक्टर
ताई, विमानतळाला मंजुरी 2007 ची, पायाभरणी 2018 ची, उद्घाटन ऑक्टोबर 2025 चं. अठरा वर्षं प्रत्येक एजंटने ‘पुढच्या वर्षी विमान उडणार’ म्हणून भाव लावला. मी पण उलव्यातच घेतला. ताबा तीन वर्षं उशिरा, तोपर्यंत इकडे नेरूळला भाडं आणि तिकडे हप्ता. ओसी (इमारत वापरायचा दाखला) नव्हती म्हणून टँकरचं पाणी. 2019 ला विकायला काढला तर आठ महिन्यांत दोन माणसं बघून गेली. रोज भाव दिसत नाही म्हणजे भाव पडत नाही असं थोडंच आहे?

उलवेकर ताई
बिल्डर कोण हे न बघता घेतलंत त्यात उलव्याचा काय दोष? आम्ही आधी सिडकोत जाऊन कागद तपासले. साडेबारा टक्क्यांचा प्लॉट (जमीन गेलेल्या शेतकऱ्यांना सिडको देते तो), मूळ धारकाचं नाव, हस्तांतर, सगळं. दोन रजा गेल्या त्यात.

नेरूळ सेक्टर
मी नाही बघितलं असं कुणी सांगितलं तुम्हाला? कागद चोख होते, बिल्डरकडचे पैसे संपले! आणि भाड्याचं बोला. मेंटेनन्स, मालमत्ता कर, मधले रिकामे महिने धरून हातात काय उरतं?

उलवेकर ताई
आम्ही स्वतः राहतो. भाड्याचा हिशेब मला सांगू नका.

नौपाडाकर
ताई, तुम्ही केलंत ते व्हॅल्यू इन्व्हेस्टिंगच. लोक चिखल बघत होते, तुम्ही कागद बघितलेत.

उलवेकर ताई
मला मोठेपणा देऊ नका. बजेट तेवढंच होतं. वाशीत परवडलं असतं तर वाशीत घेतला असता.

कोपरीची सीए
धागा उलव्याला गेलाय, तरी लिहिते. नौपाडाकरांनी परत वर आलेल्याच तारखा निवडल्यात. कोल इंडिया घ्या. बाबांनी 2010 च्या आयपीओत घेतला, 245 चा भाव. देशाच्या कोळशाची जवळपास मक्तेदारी, लाभांश भरपूर. जानेवारी 2015 मध्ये सरकारने आपले 10 टक्के 358 च्या किमान भावाने विकायला काढले. मालकच विकतोय, तर बाजार भाव का वाढवेल? 2020 मध्ये तो 110 च्या आसपास होता. 2024 मध्ये 500 पार. बाबा तोवर थांबले, कारण पेन्शन होती आणि लाभांश बँकेत येत होता. 2020 मध्ये आईचं ऑपरेशन निघालं असतं तर? 245 चा शेअर 110 ला विकला असता, आणि विश्लेषण बरोबर असूनही नुकसान झालं असतं. राजकीय अनिश्चितता म्हणजे फक्त निवडणूक नाही. सरकारी कंपनीत ती मालकाच्या खुर्चीत बसलेली असते.

पण ग्रुपवरचा सल्लाही चूकच. सगळं विकलं की वर्षभरापेक्षा जुन्या शेअरांवर सव्वा लाखापुढच्या नफ्याला 12.5 टक्के कर, त्याहून नवे असतील तर 20. मग परत कधी यायचं तेही अचूक ठरवायचं. एकदा बरोबर ठरणं कठीण, इथे दोनदा लागतं.

नौपाडाकर
मान्य. 2020 मध्ये माझ्याकडे दोन वर्षांचा घरखर्च एफडीत होता, ते मी वर लिहायला हवं होतं. तो नसता तर त्या दिवशी मी विकणाऱ्यांच्या रांगेत असतो. वागळेकाका, ‘पगार चालू असताना’ हे तुमचं खरं आहे. मात्र व्हीआरएसचे पैसे एका कंपनीत घालणं हे कुठल्याही काळात धोक्याचंच होतं. तो दोष अनिश्चिततेचा नाही.

वागळे इस्टेट
माझं चुकलं हे मला कळत नाही असं समजू नका. रात्री झोप लागत नाही तेव्हा तेच आठवतं.

ऐरोलीवाल्या, गहाणाचं म्हणालास ते कुठे दिसतं? माझ्याकडे अजून एका कंपनीचे 300 आहेत. तीही ‘स्वस्त’ म्हणूनच घेतलेली.

ऐरोली नाइट शिफ्ट
काका, मघाशी जरा जास्तच बोललो. एक्स्चेंजच्या साइटवर कंपनीचं नाव टाका, शेअरहोल्डिंग पॅटर्न उघडा. दर तिमाहीला येतो. प्रवर्तकांच्या तक्त्यात गहाणाचा रकाना असतो. मागच्या चार तिमाह्या शेजारी शेजारी ठेवून बघा. एक आकडा बघून काही कळणार नाही, तो वाढतोय का ते बघा. मग रोख प्रवाहाचं पत्रक. नफा दाखवलाय पण धंद्यातून रोकड येत नाही, असं सलग दोन-तीन वर्षं असेल तर उधारी कुठेतरी अडकलीय.

नेरूळ सेक्टर
बिल्डरच्या बाबतीत असा रकाना असता तर माझी तीन वर्षं वाचली असती.

वागळे इस्टेट
नातवाला बसवून बघितलं. वर्षापूर्वी 41 टक्के गहाण होते, आता 62. उद्या बाजार उघडला की विकतो. ग्रुपवरचा तो मेसेज चुकीचा होता हे मात्र मी अजून म्हणणार नाही.