मदत हवी आहे : आजोबांच्या मृत्यूची जुनी नोंद कशी शोधावी?

नमस्कार. आमच्या सातबाऱ्यावर अजूनही आजोबांचेच नाव आहे आणि वारसनोंदीसाठी तलाठी भाऊसाहेब त्यांच्या मृत्यूचा दाखला मागत आहेत. आजोबा 1960 च्या सुमारास, म्हणजे जन्म-मृत्यू नोंदणीचा 1969 चा कायदा येण्यापूर्वी, गावीच वारले. ग्रामपंचायतीकडे त्या काळातील नोंदवह्या नसल्यामुळे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज केला आणि कोतवाल बुक, म्हणजेच गावातील जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही (गाव नमुना 14), पाहायला मिळाले. पानांच्या कडा झडल्या आहेत, शाई उडाली आहे आणि मृताचे आडनाव कोठेच लिहिलेले नाही. केवळ नाव, त्यापुढे ‘वल्द’ (म्हणजे ‘चा मुलगा’) आणि वडिलांचे नाव. त्यातच एकाच नावाच्या दोन व्यक्तींची नोंद सापडल्याने आमचे आजोबा नेमके कोणते, हे कागदोपत्री सिद्ध कसे करावे, हाच खरा प्रश्न आहे.

पणजोबांच्या निधनानंतरची वारस नोंदवही (गाव नमुना 6-क) आणि जुने फेरफार (जमिनीच्या हक्कातील बदलांच्या नोंदी) यासाठी पुरावा म्हणून चालतात का? ओळख पटलीच नाही, तर ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला घेऊन 1969 च्याच कायद्याच्या कलम 13(3) खाली विलंबित नोंदणीचा आदेश मिळवता येईल का? 2023 च्या दुरुस्तीनंतर हे अधिकार जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आले आहेत, एवढे वाचले आहे. अशा प्रकरणात ज्यांनी प्रत्यक्ष आदेश मिळवला असेल, त्यांनी अर्जासोबत कोणती कागदपत्रे जोडली ते कृपया कळवावे.